स्वस्त विकण्यामागचा हिशेब



घरात लग्नकार्य निघालं किंवा दिवाळी तोंडावर आली, की उसाच्या पट्ट्यातली बरीचशी मंडळी आता गाडी करून कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या ‘डीमार्ट’ची वाट धरतात. तेल, डाळ, साबण, चादरी, स्टीलची भांडी अशी सगळी खरेदी एका छताखाली होते आणि पावतीवर छापील किमतीपेक्षा किती वाचले तेही कळते. घरी आल्यावर प्रश्न निघतोच : “अहो, ह्याला परवडतं कसं? आपल्या गावचा दुकानदार एवढ्यात का देत नाही?”

लागवड, खतांच्या मात्रा, उतारा आणि गाळपाचे आकडे छापणाऱ्या आपल्या या पत्रिकेत दुकानदारीचा विषय कशाला, असे काही सभासदांना वाटेल. परंतु आपण सारे मिळून एका मोठ्या धंद्याचे मालक आहोत. धंदा साखरेचा असो वा साबणाचा, पैसा कोठे अडकतो आणि कोठे फिरतो हा प्रश्न सगळीकडे सारखाच. म्हणून या दुकानाचा हिशेब सभासदांपुढे मांडावा असे आम्हांस वाटले.

सुरुवात सहकाराच्या दारातून

या दुकानाचे मालक राधाकिशन दमाणी हे मूळचे मुंबईच्या शेअर बाजारातले गुंतवणूकदार. दुकानदारी त्यांनी प्रथम पाहिली ती एका सहकारी संस्थेच्या नावाखाली, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १९४८ साली मुंबईच्या नायगावात, गिरणी कामगारांच्या वस्तीत, ‘अपना बाजार’ ही ग्राहकांची सहकारी संस्था उभी राहिली. कामगाराला योग्य वजनाचा, चोख आणि रास्त भावाचा माल मिळावा हा तिचा हेतू. या अपना बाजारच्या नावाने चालणारी नेरुळची एक शाखा दमाणी यांनी १९९९ च्या सुमारास चालवायला घेतली होती. ती पद्धत त्यांना पुरेशी पटली नाही. शेअर बाजारातले रोजचे व्यवहार बाजूला ठेवून त्यांनी ‘अव्हेन्यू सुपरमार्ट्स’ ही कंपनी काढली आणि २००२ साली मुंबईत पवई येथे पहिले डीमार्ट उघडले.

३१ मार्च २०२५ अखेर अशी ४१५ दुकाने झाली होती. २०२४-२५ या वर्षात कंपनीची विक्री ५९ हजार कोटी रुपयांच्या वर गेली आणि निव्वळ नफा २,७०० कोटींच्या वर. म्हणजे शंभर रुपयांचा माल विकला तेव्हा सगळा खर्च आणि कर जाऊन हाती साडेचार रुपयांच्या आसपास राहिले. नफ्याचा एकूण आकडा मोठा दिसतो, पण एकेका पिशवीमागचा नफा लहान आहे. पिशव्या मात्र अगणित आहेत.

घाई नाही, भाडे नाही

पहिली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे जागा. शहरातले मोठे दुकान म्हटले की ते झगझगीत मॉलमध्ये, भाड्याच्या जागेत, असा रिवाज. डीमार्टने बहुतेक जागा स्वतःच्या मालकीच्या घेतल्या, नाही तर तीस वर्षांच्या वरच्या दीर्घ कराराने घेतल्या. त्याही भर पेठेत नव्हे, तर जेथे नोकरदार, मध्यमवर्गीय वस्ती वाढते आहे अशा उपनगरांत. भाडे दर वर्षी वाढते. विकत घेतलेल्या जागेचा खर्च एकदाच होतो. धंदा मंदावला तरी महिन्याच्या एक तारखेला मालक दारात उभा राहत नाही. आपल्याकडे स्वतःची विहीर असणारा आणि दुसऱ्याचे पाणी तासावर घेणारा यांत जो फरक, तोच येथे.

यामुळे वाढ मात्र सावकाश झाली. पवईच्या पहिल्या दुकानानंतर पंधरा वर्षांनी, मार्च २०१७ अखेर, दुकानांची संख्या होती १३१. एका प्रांतात पाय रोवायचा, तेथे आसपास दुकाने काढायची, म्हणजे एकाच गोदामातून माल पोहोचवता येतो, आणि मग पुढचा प्रांत, असा क्रम राहिला. महाराष्ट्र आणि गुजरात आधी, मग तेलंगणा, कर्नाटक, आंध्र व इतर. त्याच २०१७ च्या मार्चमध्ये कंपनीने २९९ रुपयांना शेअर देऊन सुमारे १,८७० कोटी रुपये लोकांकडून उभे केले. त्यातली निम्म्याहून अधिक रक्कम आधीचे कर्ज फेडण्यासाठी राखली होती. नवा पैसा हाती आला की आधी डोक्यावरचे ओझे उतरवायचे, ही रीत आपल्या वडीलधाऱ्यांना नवी नाही.

रोखीचा भाव वेगळा

आता मुख्य मुद्दा. साबण, तेल, बिस्किटे बनवणाऱ्या कंपन्यांना मोठ्या दुकानांकडून पैसे मिळायला एरवी तीन-चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक दिवस लागतात. डीमार्ट हे पैसे साधारण आठवडा-दहा दिवसांत चुकते करते. ज्याचा पैसा हमखास आणि लवकर येतो त्याला माल देताना विकणारा हात सैल सोडतो. त्याला कमी भाव लावतो, टंचाईच्या दिवसांत त्याची गाडी आधी भरतो.

हे समजायला आपल्याला मुंबईला जायला नको. गुळाच्या सौद्यात रोखीने उचलणाऱ्या व्यापाऱ्याला काय भावात माल मिळतो आणि “पुढच्या महिन्यात देतो” म्हणणाऱ्याला काय, हे आपण पाहत आलो आहोत. खताच्या दुकानात रोखीचा भाव आणि ऊसबिलावर उचलीचा भाव वेगळा असतो, हेही आपण जाणतो. डीमार्टने एवढेच केले, की रोखीच्या खरेदीत जी सूट मिळाली तिच्यातला मोठा वाटा गिऱ्हाइकाला दिला. त्यामुळे गिऱ्हाईक वाढले, माल अधिक लागू लागला, कंपन्यांनी आणखी भाव उतरवले. रहाट असा एकदा फिरू लागला की प्रत्येक फेऱ्याला पाणी वर येते.

माल फिरता हवा

रोख पैसे देणे परवडते कधी? माल लवकर खपला तर. येथे आम्ही एक सोपे गणित मांडतो.

दोन दुकानदार आहेत. दोघांकडे भांडवल एकेक लाखाचे. पहिला शंभरामागे १५ रुपये चढवून विकतो, पण त्याचा माल वर्षातून तीनदाच संपतो. त्याला वर्षाकाठी सुटतात ४५ हजार. दुसरा शंभरामागे फक्त ५ रुपये चढवतो, परंतु त्याचा माल दर महिन्याला संपतो, म्हणजे वर्षातून बारा वेळा. त्याला सुटतात ६० हजार. स्वस्त विकणारा जास्त कमावतो, आणि गिऱ्हाईकही त्याचेच राहते.

डीमार्टचा माल साधारण महिन्याभरात दुकानाबाहेर पडतो. २०२४-२५ मध्ये दुकानातल्या दर चौरस फुटामागे वर्षाला ३५ हजार रुपयांच्या वर विक्री झाली. हे साधण्यासाठी फळीवर काय ठेवायचे हे नीट ठरवावे लागते. शंभर जातींचे साबण मांडून ठेवण्यापेक्षा जे खपतात तेच ठेवायचे. जे पडून राहते ते पुन्हा मागवायचे नाही. विक्रीतला निम्म्याहून अधिक भाग खाण्यापिण्याच्या वस्तूंचा असतो आणि त्यांत नफा थोडा. पण डाळ-तेलासाठी आलेले गिऱ्हाईक जाता जाता चादर, बादली, पोरांचे कपडे घेते. या वस्तू विक्रीत पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहेत आणि त्यांत फायदा बरा सुटतो. डाळ दारात बोलावते, चादर दुकान चालवते, असे म्हणा ना.

जाहिरात कोण करतो?

या दुकानाच्या मोठ्या जाहिराती, नटनट्यांची चित्रे सभासदांनी क्वचितच पाहिली असतील. आत गेले तरी थाटमाट नाही. फळ्या, खोकी, गर्दी आणि पैसे भरायच्या रांगा. भावाच्या चिठ्ठीवर मात्र छापील किंमत आणि दुकानाची किंमत शेजारी शेजारी लिहिलेली असते. जाहिरात म्हणतात ती एवढीच.

“एकावर एक फुकट”, “आज निम्म्या भावात” असली दवंडी पिटली की त्या दिवशी झुंबड उडते. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक म्हणते, काल स्वस्त होतं, आज कशाला घेऊ? डीमार्टचे धोरण रोजच्या रोज भाव कमी ठेवण्याचे. त्यामुळे लोकांना तारीख पाहावी लागत नाही. घरातली बाई शेजारणीला भाव सांगते, आणि तिच्या शब्दावर गिऱ्हाईक जेवढा भरवसा ठेवते तेवढा कोणत्याही फलकावर ठेवत नाही.

ज्यांचे गणित चुकले

स्वस्त विकण्याचा विचार दुसऱ्या कोणाला सुचला नाही असे नव्हे. ‘सुभिक्षा’ नावाची दुकाने १९९७ साली चेन्नईत सुरू झाली. तीही स्वस्त विकत. पुढे थोड्याच वर्षांत देशभर सुमारे १,६०० दुकाने झाली. उसन्या पैशावर एवढा पसारा वाढला, आणि २००८ च्या जागतिक मंदीत नवा पैसा मिळेना. पगार, भाडे, पुरवठादार सारेच थकले. २००९ च्या आरंभी दुकानांची दारे बंद झाली.

‘बिग बझार’ २००१ साली निघाले. किशोर बियाणी यांनी देशी बाजाराची नस ओळखली होती. २००६ पासून प्रजासत्ताक दिनाला त्यांनी सर्वांत स्वस्त दिवसाचा जो बाजार भरवला त्याला अफाट गर्दी लोटे. पण मागे कर्ज वाढत गेले. २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी आली, दुकाने बंद राहिली, भाडे आणि व्याज मात्र चालूच राहिले. कंपनी विकण्याचा करार कज्जात अडकला. २०२२ च्या फेब्रुवारीत थकलेल्या भाड्यापायी बरीच दुकाने रिलायन्सच्या ताब्यात गेली आणि त्याच वर्षी जुलैत कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली.

दोघांकडे गिऱ्हाईक होते, माल होता, हुशारीही होती. व्याज आणि भाडे यांनी घास घेतला. गर्दी पाहून धंद्याची प्रकृती कळत नाही, ती देण्याच्या वहीत कळते.

नाण्याची दुसरी बाजू

आम्ही या दुकानाची भाटगिरी करण्यास बसलेलो नाही. कंपनीचे सुमारे तीन-चतुर्थांश शेअर दमाणी कुटुंबाकडे आणि त्यांच्या संस्थांकडे आहेत. तेथे गिऱ्हाइकाला मत नाही, नफ्यात वाटा नाही. आपल्याकडे शेअर एक असो वा दहा, सभासदाला मत एक. हा फरक लहान नव्हे.

गावच्या किराणा दुकानदाराचीही बाजू आहे. तो आपल्याला वहीवर माल देतो, बिल निघेपर्यंत थांबतो, रात्री-अपरात्री दार ठोठावले तर औषधापुरती साखर काढून देतो. डीमार्टमध्ये वही नाही. पण दुकानदाराचा पैसा चार-सहा महिने आपल्याकडे अडकला तर त्याचे व्याज तो कशात धरणार? तेलाच्या आणि डाळीच्या भावातच. दोष त्याचा नाही. उधारीच्या मालाला उधारीचा भाव पडतो, एवढेच.

आणि हे दुकानही अजिंक्य नाही. शहरात फोनवर मागणी नोंदवली की दहा-पंधरा मिनिटांत घरपोच माल देणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. मोठ्या शहरांतल्या आपल्या दुकानांवर या नव्या पद्धतीचा परिणाम दिसत असल्याचे डीमार्टने २०२४ च्या ऑक्टोबरात स्वतःच मान्य केले.

आता आपल्या घरचा हिशेब

हे सारे आपल्या साखरेला लावून पाहू. डीमार्टचा माल महिन्यात फिरतो. आपले गाळप चार-पाच महिन्यांत आटोपते, आणि साखर विकत राहावी लागते पुढचे वर्षभर. किती साखर बाजारात सोडायची याचा महिन्याचा कोटा २०१८ पासून केंद्र सरकार ठरवून देते. म्हणजे गोदाम भरलेले असले तरी मनाला येईल तेव्हा ते रिते करता येत नाही. तोवर पोती बँकेकडे तारण, आणि त्यांवर व्याज.

व्याज किती चढते? उदाहरणादाखल धरू, की एका क्विंटलमागे ३,००० रुपये उचलले आणि व्याज दरसाल दर शेकडा १०. महिन्याला २५ रुपये झाले. ते पोते सहा महिने पडून राहिले तर १५० रुपये. एक टन उसातून साखर निघते साधारण एक क्विंटल. म्हणजे हे १५० रुपये टनामागे गेले. कोणी खाल्ले नाहीत, कोणी चोरले नाहीत, पोत्याखाली झिरपून गेले. भावासाठी आपण दहा-वीस रुपयांवरून सभेत आवाज चढवतो. मग या दीडशेंबद्दल कोणीच का विचारत नाही?

दुसरी बाब देण्याची. ऊस गाळपास आल्यापासून १४ दिवसांत रास्त आणि किफायतशीर दराची रक्कम द्यावी, उशीर झाल्यास दरसाल १५ टक्के व्याज द्यावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी हा दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरला. या चौदा दिवसांकडे आपण केवळ कायद्याची सक्ती म्हणून पाहतो. डीमार्टचा धडा असा, की वेळेवर देणे ही व्यापारातली ताकद आहे. जो कारखाना वेळेवर पैसे देतो त्याच्याकडे ऊस आपणहून येतो, तोडणी-वाहतुकीची टोळी टिकते, आणि पळवापळवीच्या हंगामात त्याचे गाळप खाली येत नाही.

सभासदाच्या घरी तर हे अधिकच लागू. दुकानदाराचे भांडवल वर्षात बारा वेळा फिरते. आपला आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. बेणे, खत, मजुरी, वीजबिल यांत घातलेला पैसा वर्षातून एकदाही पुरता फिरत नाही. त्यात बिल लांबले की खत उधार, किराणा उधार, सोसायटीचे व्याज वेगळे. कारखान्याचा एक महिन्याचा उशीर घरी येईपर्यंत तिप्पट होतो.

करता येण्याजोगे काय?

सगळेच आपल्या हाती नाही. कोटा दिल्लीत ठरतो. पण काही गोष्टी खचित आपल्या आहेत.

पहिली, वार्षिक सभेत अहवाल हाती आला की पहिल्या पानावरचा दर पाहून तो मिटू नका. शिल्लक साखर किती, तारण कर्ज किती, वर्षाचे व्याज किती, आणि ते टनामागे किती पडले, एवढे चार आकडे शोधा आणि विचारा. संचालक मंडळालाही विचारणारा सभासद हवाच असतो.

दुसरी, लवकर पैसा देणारी उत्पादने. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून साखरेच्या मानाने लवकर हाती येतात. उपपदार्थाचा विचार करताना नफा किती याबरोबरच पैसा किती दिवसांत, हाही प्रश्न लावला पाहिजे.

तिसरी, गिऱ्हाइकाशी ओळख. आपली साखर पन्नास किलोच्या पोत्यांतून, निविदेने व्यापाऱ्याकडे जाते. पुढे कोणी ती किलोच्या पिशवीत भरून आपल्या छापाने विकतो. डीमार्टही डाळी आणि साखर स्वतःच्या नावाच्या पिशवीत विकते. सगळी साखर आपल्याला अशी विकता येणार नाही, तेवढा व्याप झेपणारही नाही. परंतु सभासदांच्या गावांतली ग्राहक भांडारे, शाळा-वसतिगृहे आणि तालुक्याची बाजारपेठ यांना तरी आपल्या नावाची पिशवी का मिळू नये? ग्रामीण भागात सहकारी बाजार चालवता येतो हे वारणानगरने दाखवून दिले आहे.

चौथी, आपल्या रानातली. आडसालीत पहिल्या चार महिन्यांत भुईमूग, सोयाबीन किंवा पालेभाजी, पूर्वहंगामीत हरभरा किंवा कांदा यांसारखे आंतरपीक घेतले तर अडकलेल्या भांडवलातले थोडे तरी मधल्या वाटेवर सुटते. तेवढ्यावर घरचा बाजार रोखीने झाला, तरी दुकानदाराच्या वहीतले व्याज वाचले.

अपना बाजार सुरू करणाऱ्या गिरणी कामगारांना रास्त भाव हवा होता. तो सहकाराचाच विचार. पुढे त्याच विचारावर एका खाजगी कंपनीने हिशेबाची शिस्त चढवली आणि देशभर दुकाने उभी केली. विचार आपला होता, शिस्त त्यांनी दाखवली. ती शिस्त काही कोणाच्या मालकीची नाही. पैसा वेळेवर द्यावा, माल पडून ठेवू नये, कर्जावर थाट करू नये, एवढीच ती आहे. सहकारी कारखान्याला ती पाळता येणार नाही असे मानण्याचे आम्हांस तरी कारण दिसत नाही.

सभासदांनी या हिशेबावर आपापल्या गावात चर्चा करावी आणि सूचना गटाच्या शेतकी अधिकाऱ्यांमार्फत कारखान्याकडे लेखी पाठवाव्यात, अशी विनंती आहे.